इतिहासात तेरा वर्षांचं मूल कुठे असतं?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांना सारं गाव नुसतं ‘गुरुजी’ म्हणत असे. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी या वाचनालयाचा बालविभाग हाती घेतला आणि अखेरपर्यंत सोडला नाही. बालविभागातली पुस्तकं वाचून संपवलेली, पण मोठ्यांच्या कपाटापर्यंत अजून न पोचलेली मुलं हा त्यांच्या काळजीचा विषय होता. आठवी-नववीतल्या अशा मुलाच्या हाती आता काय द्यायचं? आजचं व्याख्यान त्यांच्या या प्रश्नाविषयी आहे. विषय आहे बारा ते सोळा वर्षांच्या वाचकांसाठी लिहिलेली ऐतिहासिक आणि अद्भुतरम्य कादंबरी.

हे दोन प्रकार मी एकत्र का घेते, ते आधी सांगते. एक घडलेल्या गोष्टींशी बांधलेला, दुसरा कधीच न घडलेल्या गोष्टींचा. तरी लेखकाला दोन्हीकडे एकच कष्ट पडतात. वाचक ज्या जगात राहत नाही, ते जग त्याला उभं करावं लागतं. तिथले लोक काय खातात, कशाला भितात, कुणाची आज्ञा चालते, कोणत्या अपराधाला क्षमा नसते, हे सगळं धडा न देता कळू द्यावं लागतं. आणि मग त्या जगात वाचकाच्याच वयाच्या, हातात फारशी सत्ता नसलेल्या कुणावर तरी निर्णयाची वेळ आणावी लागते. तेराव्या-चौदाव्या वर्षी माणसाला आपले निर्णय आपण घ्यावेत असं पहिल्यांदा तीव्रतेनं वाटतं. घरात आणि शाळेत त्याला वाव थोडा असतो. ही कादंबरी त्याला तो वाव देते. मराठीनं या वयाला थोर माणसांची चरित्रं भरभरून दिली, पण निर्णय फार थोडे दिले. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे.

मराठी कादंबरीच्या जन्मापासून ही दोन भावंडं शेजारी वाढली आहेत. रिसबुडांची अद्भुतरम्य ‘मंजुघोषा’ 1868 सालची. तीनच वर्षांनी, 1871 मध्ये, रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ ‘विविधज्ञानविस्तारा’तून येऊ लागली आणि मराठीत ऐतिहासिक कादंबरी सुरू झाली. काळ शिवाजी महाराजांचा, पण गोष्ट कल्पित माणसांची, हे त्या पहिल्याच कादंबरीचं वैशिष्ट्य आज आठवण्याजोगं आहे. पुढे हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’मधून इतिहास घरोघरी पोचवला. नाथमाधवांनी तर दोन्ही दालनं सांभाळली. एकीकडे स्वराज्यावरची कादंबरीमाला, दुसरीकडे ‘वीरधवल’सारखी अद्भुतरम्य कादंबरी. सिंहगडाच्या कड्यावरून पडल्यामुळे ज्यांचे पाय कायमचे गेले, त्या माणसानं अंथरुणावरून महाराष्ट्रातल्या मुलांना डोंगरदऱ्या आणि भुयारं हिंडवून आणली. ‘वीरधवल’ मुलांसाठी म्हणून लिहिलेली नव्हती. मुलांनी ती आपली म्हणून उचलली.

मराठीत हे असंच होत आलं. किशोरांचं म्हणून जे वाचलं गेलं, त्यातलं पुष्कळसं मोठ्यांच्या कपाटातून घेतलेलं होतं. ‘स्वामी’, ‘श्रीमान योगी’, ‘मृत्युंजय’, ‘छावा’ ही पुस्तकं किती जणांनी नववी-दहावीच्या सुट्टीत वाचली, ते या सभागृहात हात वर करायला सांगितलं तर दिसेल. त्या पुस्तकांनी आपल्याला भाषा दिली, अभिमान दिला, रडवलं. त्यांचं ऋण मी मानते. पण त्या प्रत्येक पुस्तकाच्या केंद्रस्थानी असा माणूस आहे, ज्याचं मोठेपण पहिल्या पानाआधीच ठरलेलं आहे. माधवराव, शिवछत्रपती, कर्ण, संभाजीराजे. वाचणारा मुलगा त्यांच्यापुढे हात जोडून उभा राहतो. त्यांच्या जागी उभं राहून ‘मी असतो तर काय केलं असतं’ असं विचारायला तो धजत नाही, कारण उत्तर इतिहासानं आधीच दिलेलं असतं.

मी बरीच वर्षं माध्यमिक शाळेत इतिहास शिकवला. दरवर्षी कुणीतरी एकच प्रश्न विचारायचं: “बाई, तेव्हा आमच्याएवढी मुलं काय करत होती?” पाठ्यपुस्तकात त्याचं उत्तर नसतं. तहात आणि लढाईत तेरा वर्षांचं मूल सापडत नाही. सापडलंच, तर राजपुत्र म्हणून. पण प्रत्येक छावणीत घोड्यांना चंदी घालणारी पोरं होती, प्रत्येक गडाखाली दुधाच्या चरव्या घेऊन चढणाऱ्या मुली होत्या, प्रत्येक लेण्यात दगडाची कपची टोपलीत भरणारं कुणीतरी लहान होतं. इतिहासाचा पुरावा त्यांच्याविषयी जवळजवळ गप्प असतो. तिथे कादंबरीकारानं बोलायचं असतं.

ते कसं बोलावं, याचा एक नमुना ब्रिटनमधून घेते. रोझमेरी सटक्लिफ यांची ‘द ईगल ऑफ द नाइन्थ’ ही कादंबरी 1954 मध्ये प्रसिद्ध झाली. सटक्लिफ 1920 साली जन्मल्या. लहानपणीच सांध्यांच्या गंभीर आजारानं त्यांना गाठलं आणि आयुष्याचा बहुतेक काळ चाकांच्या खुर्चीत गेला. त्यांच्यासमोर दोन सुट्या गोष्टी होत्या. रोमन सैन्याची नववी पलटण ब्रिटनच्या उत्तरेकडे गेली आणि परत आली नाही, अशी त्या काळी प्रचलित समजूत होती. आणि 1866 मध्ये सिल्चेस्टर इथल्या उत्खननात पंख तुटलेला एक कांस्य गरुड मिळाला होता. या दोन टोकांच्या मधली रिकामी जागा त्यांनी गोष्टीनं भरली.

नायक मार्कस हा तरुण रोमन अधिकारी. त्याचा बाप त्या हरवलेल्या पलटणीबरोबर गेला तो गेलाच. पहिल्याच नेमणुकीत मार्कसचा पाय निकामी होतो आणि लष्करातली कारकीर्द संपते. आखाड्यात हरलेल्या एस्का नावाच्या ब्रिटिश गुलामाला तो मरणातून सोडवतो आणि विकत घेतो. पुढे दोघं मिळून गरुडाच्या शोधात सरहद्दीपलीकडे जातात. त्यात एक प्रसंग आहे, तो मला लेखकांच्या प्रत्येक शिबिरात वाचून दाखवावासा वाटतो. मार्कस एस्काला विचारतो, तुमच्या लोकांना आमची रीत इतकी का सलते? एस्का भाषण करत नाही. तो मार्कसच्या खंजिराच्या म्यानावरची नक्षी दाखवतो. मोजून-मापून, एकासमोर एक बसवलेली वळणं. मग आपल्या लोकांच्या ढालीवरची नक्षी आठवायला सांगतो, जिथे एक फुगीर वळण दुसऱ्यातून वाहत निघतं. ज्याच्या हातून एक नक्षी उतरते, त्याला दुसरी कशी उमगेल, असं त्याचं म्हणणं. दोन संस्कृतींमधला झगडा एका म्यानात आणि एका ढालीत आला. बारा वर्षांच्या वाचकाला साम्राज्यवाद हा शब्द ठाऊक नसला तरी चालतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. मोहिमेवर निघण्यापूर्वी मार्कस एस्काला गुलामीतून मुक्त करतो आणि मगच विचारतो, येशील का? गुलाम ‘नाही’ म्हणू शकत नाही, म्हणून त्याच्या ‘हो’ला किंमत नाही. आता एस्का मोकळा आहे. तो जातो. शेवटी गरुड परत येतो, पण पलटण पुन्हा उभी राहत नाही, कारण तिच्या नावाला लागलेला कलंक खरा होता. बापाविषयीचं सत्य मुलाला अर्धं गोड आणि अर्धं कडू मिळतं. मायदेशी परतण्याची मुभा असताना मार्कस ब्रिटनमध्येच राहायचं ठरवतो. किती निर्णय आहेत पाहा, आणि एकही सम्राटाचा नाही.

आता एक अवघड बाब. कादंबरीनंतरच्या काळात संशोधन पुढे गेलं. नववी पलटण ब्रिटनबाहेर, आजच्या नेदरलँड्समधल्या नाइमेखन इथे असल्याच्या खुणा मिळाल्या. सिल्चेस्टरचा गरुड पलटणीचा ध्वजगरुड नसून एखाद्या पुतळ्याचा भाग असावा, असं अभ्यासक मानतात. म्हणजे ज्या दोन खांबांवर कादंबरी उभी होती, ते दोन्ही हलले. तरीही पुस्तक वाचलं जातं. रोमन रस्त्यावरून पायी चालणं म्हणजे काय, पराभूत टोळीचा मुलगा जेत्याच्या घरी कसा वागतो, हे त्यातलं सत्य त्या खांबांवर टेकलेलं नव्हतं. यातून मी एक नियम काढते. किशोरांच्या ऐतिहासिक कादंबरीला लेखकाचं निवेदन जोडलेलं असावं: ठाऊक काय आहे, मी रचलं काय आहे, अभ्यासकांत वाद कशावर आहे. मुलांना हे सांगितलं तर गोष्टीची गोडी कमी होते, ही मोठ्यांची भीती निराधार आहे. माझ्या वर्गात तर अशा निवेदनानंतरच मुलं मूळ बखरीकडे आणि नकाशाकडे वळली.

अद्भुताकडे वळते. तिथे पुरावे नाहीत, तेव्हा सगळं सोपं, असं अनेक हौशी लेखकांना वाटतं. खरं तर तिथे शिस्त जास्त लागते. उर्सुला ल ग्विन यांची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ 1968 ची. एका प्रकाशकानं थोड्या मोठ्या मुलांसाठी लिहाल का, असं विचारलं म्हणून त्या या वाटेला वळल्या. आधी त्यांनी बेटांचा नकाशा काढला. त्या बेटांवर जादू चालते ती वस्तूचं खरं नाव जाणल्यानं, आणि प्रत्येक जादूची किंमत कुणीतरी मोजतं. एका बेटावर पाऊस पाडला तर दुसरीकडे दुष्काळ पडू शकतो. गेड हा गरीब बेटावरचा, आईविना वाढलेला, तल्लख आणि गर्विष्ठ मुलगा. शाळेतल्या सोबत्यापुढे मोठेपणा मिरवण्यासाठी तो मेलेल्याला बोलावतो आणि एक काळी छाया जगात मोकळी सुटते. ती परतवताना त्याचे वृद्ध कुलगुरू प्राण गमावतात. पुढचं सारं पुस्तक गेड त्या छायेपासून पळतो, आणि मग थांबून तिचा पाठलाग करतो. शेवटी तो तिला हाक मारतो ती स्वतःच्या नावानं.

गेडचा रंग तांबूस-तपकिरी आहे. त्या द्वीपसमूहातले बहुतेक लोक सावळे-काळे आहेत. अनेक मुखपृष्ठांवर त्याला गोरा दाखवला गेला, त्याविरुद्ध ल ग्विन वर्षानुवर्षं बोलत राहिल्या. अद्भुताच्या राज्यात कुणाला नायक व्हायचा हक्क आहे, हा प्रश्न आपल्यालाही आहे. परकीय मालिकांमधले किल्ले, जादूच्या शाळा आणि बर्फाळ जंगलं मराठी मुलं आज आनंदानं वाचतात. वाचावीतच. ‘हॅरी पॉटर’ मराठीत आला हे चांगलंच झालं. पण तेच वाचून लिहू लागलेल्या आपल्या मुलांच्या गोष्टींत आजोबांचं घर बर्फात असतं आणि चूल नसून भिंतीतली शेकोटी असते, हे मी वह्या तपासताना पाहिलं आहे. हा दोष मुलांचा नाही. त्यांच्या ओळखीच्या मुलखात अद्भुत घडू शकतं, हे आपण त्यांना पुरेसं दाखवलं नाही.

आणि हा मुलूख तर अद्भुताचं जुनं माहेर आहे. गुणाढ्याची ‘बृहत्कथा’ परंपरेनं सातवाहनांच्या प्रतिष्ठानशी, म्हणजे आपल्या पैठणशी जोडली जाते. राजानं नाकारलेली कथा कवी रानात पशुपक्ष्यांना वाचून दाखवतो आणि वाचलेलं पान अग्नीत टाकतो, ही आख्यायिका ‘कथासरित्सागरा’नं जपली. आधुनिक काळात भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला, ‘बालमित्र’ चालवला, आणि फुरसुंगीच्या बनेश फेणेला प्रतापगडापासून काश्मीरपर्यंत पाठवलं. ‘फास्टर फेणे’ ही ना ऐतिहासिक ना अद्भुत कथा, पण मी तिचं नाव मुद्दाम घेते. सायकलवर बसलेला किडकिडीत मुलगा मोठ्यांची वाट न पाहता ठरवतो आणि निघतो. मराठी मुलांना तो इतका आवडला, कारण निर्णय त्याचा होता.

इतिहास आणि अद्भुत यांची गाठ मराठीत सर्वांत सुंदर बांधली ती जयंत नारळीकरांनी, ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत. इतिहासाचे प्राध्यापक अपघातानंतर अशा जगात पोचतात, जिथे 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर मराठे जिंकले. ग्रंथालयात बसून ते इतिहास कुठे वळला ते शोधतात. विश्वासरावांना लागलेली गोळी तिथे कानाजवळून निघून गेली होती. परत आपल्या जगात आल्यावर त्यांच्याजवळ त्या दुसऱ्या जगातल्या बखरीचं फाटकं पान उरतं. या कथेचं इंग्रजी रूप अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकातून देशभरच्या मुलांपर्यंत गेलं. शास्त्रज्ञानं इतिहासाला विचारलेला ‘असं झालं असतं तर’ हा प्रश्न मुलांना दोन गोष्टी शिकवतो. जे घडलं ते घडायलाच हवं होतं असं नाही. आणि एका क्षणाचा भार किती मोठा असू शकतो. असे प्रश्न विचारणारी पुस्तकं किशोरांसाठी किती लिहिली गेली? नारळीकरांनी वाट दाखवून दिली. त्या वाटेवर गर्दी व्हायला हवी होती.

ऐतिहासिक बाजूला गो. नी. दांडेकरांचं नाव आदरानं घ्यावं लागेल. ‘कादंबरीमय शिवकाल’मधल्या त्यांच्या कादंबऱ्यांत महाराजांच्या भोवतीची, मावळातली आणि किनाऱ्यावरची साधी माणसं पुढे येतात. गोनीदांनी गड पायांनी वाचले होते. त्यामुळे त्यांच्या पानांत वाटेवरची करवंदीची जाळी आणि टाक्यातलं पाणी खरं असतं. या वाटेनं किशोरांसाठी मुद्दाम लिहायचं म्हटलं, तर विषय किती पडले आहेत!

नाणेघाटाचंच घ्या. जुन्नरहून कोकणात उतरणारा हा सातवाहनकालीन व्यापारी मार्ग. घाटमाथ्यावरच्या गुहेत राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज त्यांची नावं शाबूत आहेत आणि खाली उरलेत फक्त पावलांचे अवशेष. त्या नावांत कुमारही आहेत. बाहेर दगडाचा मोठा रांजण आहे. जकातीची नाणी त्यात पडत, असं लोक सांगत आले आहेत. आता त्या रांजणाशेजारी बसलेली जकातदाराची मुलगी डोळ्यांसमोर आणा. कल्याण-सोपाऱ्याकडून वर येणारा परदेशी माल तिच्यासमोरून जातो. एक दिवस तिला कळतं, की बापाचा हिशेब खोटा आहे. ती काय करील? बापाला वाचवील की खरं बोलेल? सातवाहनांची वंशावळ पाठ करण्यापेक्षा त्या मुलीबरोबर एक दिवस काढला, तर तो काळ मुलांना जास्त कळेल.

मलिक अंबर घ्या. इथिओपियात जन्मलेला, लहानपणी विकला गेलेला, हातोहात फिरत दख्खनमध्ये पोचलेला मुलगा. पुढे तो निजामशाहीचा कारभारी झाला, खडकी वसवली, तिथे नहरीनं पाणी आणलं, मुघलांना वर्षानुवर्षं थोपवलं आणि 1626 मध्ये वारला. आपण त्याला गनिमी काव्याच्या धड्यात एक ओळ देतो. बाजारात उभा असलेला, भाषा न कळणारा तो मुलगा कुठल्या कादंबरीत आहे?

आणि मुक्ता साळवे. जोतिराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेली, मांग समाजातली मुलगी. तिनं महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. धर्म, अन्न, जमीन, बाळंतिणीचे हाल यांवर तिनं जे प्रश्न विचारले, ते आजही झोंबतात. इतिहासात तेरा-चौदा वर्षांचं मूल कुठे असतं, असं विचारणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हे नाव सांगते. इथे तर मुलीनं स्वतः लिहून ठेवलं आहे. त्या निबंधाच्या आदल्या रात्री तिनं काय ठरवलं असेल, घरात कोण घाबरलं असेल, लिहिलेलं मोठ्यानं वाचायला ती कशी उभी राहिली असेल, हे सगळं कादंबरीकाराची वाट पाहत आहे. ते लिहिताना जबाबदारी दुप्पट असेल, कारण ज्यांच्या पूर्वजांचं हे दुःख आहे ते वाचक समोर बसलेले असतील. त्यांच्यातूनच ते लिहिणारं कुणी पुढे यावं, अशी माझी इच्छा आहे.

आता थोड्या कामाच्या गोष्टी. लेखकांना विनंती, या वाचकाशी मोठेपणाचा आव आणून बोलू नका. ‘बाळांनो’ म्हणणारा निवेदक त्याला चालत नाही आणि दर पानावर अलंकार लादलेली भाषाही त्याला परकी वाटते. मरण, फसवणूक, आपल्याच बाजूनं केलेला अन्याय हे त्याच्यापासून लपवू नका. शत्रूच्या छावणीतही त्याच्या वयाचा मुलगा असतो, हे त्याला दिसू द्या. प्रकाशकांना विनंती, या वयाच्या पुस्तकांना नकाशा, कालपट आणि चांगला चित्रकार द्या आणि अक्षर बारीक करून खर्च वाचवू नका. पालकांना विनंती, मूल जादूचं पुस्तक वाचतंय म्हणून अभ्यास बुडाला असं समजू नका. आणि शिक्षकांना, म्हणजे माझ्याच बिरादरीला, सांगते: ऐतिहासिक कादंबरी हा इतिहासाचा पर्याय नाही, पण इतिहासाच्या तासाला तिला बंदीही नको. ‘किशोर’ मासिक 1971 पासून ‘बालभारती’ चालवतं. त्याच धीरानं किशोरांच्या कादंबरीच्या पाठीशी कुणीतरी दीर्घकाळ उभं राहायला हवं.

या वाचनालयाकडे माझं एक मागणं आहे. बालविभाग आणि मोठ्यांचा विभाग यांच्यामध्ये एक स्वतंत्र कपाट करा, बारा ते सोळा वर्षांसाठी. त्यात नाथमाधव, गोनीदा, भागवत आणि नारळीकर असू द्या, आणि सटक्लिफ आणि ल ग्विन यांची मराठी रूपंही तिथे यावीत, म्हणून अनुवादक शोधा. कपाटात काय घ्यायचं ते ठरवणाऱ्या समितीत अर्धी जागा त्याच वयाच्या वाचकांना द्या. पुढे सतरंजीवर बसलेल्या मुलामुलींनो, हे तुमच्यासाठी आहे. उद्या अर्ज लिहा, त्यावर सह्या करा आणि ग्रंथपालांच्या टेबलावर ठेवा. तुम्हाला कोणती पुस्तकं हवीत ते तुम्ही ठरवायचं आहे, आणि ती मिळाली नाहीत तर लिहायचीही तुम्हीच. गुरुजींनी हा प्रश्न आयुष्यभर सांभाळला. आता तो तुमच्या हाती देते.